एकाने काय होतंय?

गाडीत आमच्या समोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. लांबचा प्रवास, दुपारची वेळ, खिडकीतून येणारा गरम वारा. माझ्या सहा वर्षांच्या भाचीची त्यांच्याशी केव्हाच गट्टी जमली होती. तिने त्यांना आपली चित्रांची वही दाखवली, पडलेल्या दाताची जागा दाखवली, वहीतल्या घोड्याला पाचवा पाय का आहे तेही समजावून सांगितलं. आजींनी सगळं मन लावून ऐकलं. मग त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडताच भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंग वास आमच्यापर्यंत आला. त्यांनी एक बिस्कीट तिच्यापुढे धरलं. भाचीने हात मागे घेतले आणि घरी शिकवलंय तसं स्पष्ट सांगितलं, "मला शेंगदाणे चालत नाहीत. मला ॲलर्जी आहे." आजी हसल्या. "अगं, एकाने काय होतंय!" असं म्हणत त्यांनी तिचा हात पुढे ओढला आणि बिस्कीट तळव्यावर ठेवलं. तिने मूठ मिटली नाही. तळवा तसाच उघडा ठेवून ती आईकडे बघत राहिली. ताईने बिस्कीट उचलून परत डब्यात ठेवलं, तिचा हात ओल्या रुमालाने नीट पुसला आणि शांतपणे म्हणाली, "आजी, तुम्ही मायेने दिलंत ते कळतं मला. पण तिला खरंच चालत नाही. एकानेही दवाखान्यात जावं लागतं." आजींचा चेहरा पडला. त्यांनी झाकण लावलं आणि उतरेपर्यंत तो डबा पुन्हा काढला नाही.

त्यांचं ते वाक्य मात्र माझ्यासोबत घरी आलं. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलं होतं, आणि ज्यांच्याकडून ऐकलं ती सगळी चांगली माणसं होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मग एवढी समजूतदार माणसं नेमकी इथेच का अडतात? मला वाटतं, त्यांना समोर दिसतं ते एक ठणठणीत मूल. ताप आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं, मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं, त्या मुलांवर कुणी अविश्वास दाखवत नाही. अन्नाची ॲलर्जी मात्र दिसायला लागेपर्यंत कुठेच दिसत नाही. गाल लालबुंद, डोळ्यांत चमक, तोंडाची अखंड टकळी, आणि हे मूल म्हणतं की एका बिस्किटाने माझा श्वास अडकेल. ऐकणाऱ्याला ते मुलाचे नखरे वाटतात, नाहीतर आईबापांची जरा जास्तच काळजी. त्यातून सांगणारं सहा वर्षांचं. मोठ्यांच्या अनुभवापुढे त्याच्या शब्दाचं वजन ते किती धरणार?

मी जे पाहिलं ते आजींनी पाहिलं नव्हतं, एवढाच आमच्यातला फरक. भाची तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. अंडं तिला सोसत नाही हे कळलेलं होतं, पहिल्यांदा भरवलं तेव्हा तोंडाभोवती गांधी उठल्या आणि तासाभरात उतरल्याही होत्या. शेंगदाण्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी टेबलावर शेंगदाण्याच्या बटरचा चमचा राहिला होता. तिने तो चाटला. चमच्याला चिकटलेलं बटर नखाएवढंही नसेल. आधी तिने कान चोळले. मग कोरडा खोकला सुरू झाला, ठसका लागल्यासारखा, पण न थांबणारा. मानेवर एक गांध, मग दुसरी, मग त्या सगळ्या एकमेकींत मिसळून अख्खी मानच लाल झाली. तिला उलटी झाली. आणि मग तिच्या रडण्याचा आवाज बदलला. तो घोगरा झाला, दुसऱ्याच कुठल्या मुलाचा असावा तसा. गांधींना मी घाबरले नव्हते, त्या आवाजाला घाबरले. काही वेळाने तोही थांबला आणि ती ताईच्या खांद्यावर मान टाकून गप्प पडून राहिली. दवाखाना जवळ होता म्हणून आम्ही वेळेत पोचलो. नर्सनी काही विचारायच्या आत तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच मिनिटांत ती पुन्हा रडायला लागली, स्वतःच्या आवाजात, खच्चून. मूल रडतंय म्हणून इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तिचे हात कापत होते, हृदय माझ्या तळव्याखाली पाखरासारखं उडत होतं. औषधाने तसं होतं, थांबेल, असं नर्स म्हणाल्या. काही तास आम्हाला तिथेच ठेवून घेतलं, कारण लक्षणं ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.

नखाएवढ्या बटरने एवढं काय होतं, हे नंतर मी वाचत गेले. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न दोन डॉक्टरांना पडला होता. त्यांतल्या हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेला मासा खाल्ला की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्नित्झ यांना मासा व्यवस्थित पचायचा. प्राउस्नित्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव आपल्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. १९२१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. क्युस्टनरच्या रक्तात असं काहीतरी होतं जे मासा ओळखत होतं, आणि ती ओळख दुसऱ्याच्या शरीरात नेऊन ठेवता येत होती. ते 'काहीतरी' हाती लागायला पुढची पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याला आणि त्याच काळात स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख यांना ते सापडलं. आज आपण त्याला आयजीई म्हणतो. ही प्रतिपिंडं त्वचेत, आतड्यांत, श्वासनलिकेत असलेल्या मास्ट पेशींवर बसून असतात. शेंगदाण्यातलं त्यांच्या ओळखीचं प्रथिन आलं की त्या पेशी आपल्यातलं हिस्टॅमिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. त्वचेवर गांधी उठतात, आतडी पिळवटतात, श्वासनलिका आवळते, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब घसरतो. हे सगळं बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. किती खाल्लं तर असं होईल हे मुलागणिक वेगळं. शिवाय एकाच मुलाचंही ते रोज सारखं नसतं. अंगात ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, खाऊन लगेच धावाधाव झाली असेल, तर एरवी निभावलेलं प्रमाणही त्या दिवशी जड जातं. म्हणून "मागच्या वेळी चाटलं तेव्हा काही झालं नव्हतं" या आठवणीवर विसंबता येत नाही.

दवाखान्यातून आल्यानंतर बरेच दिवस ताई एकच प्रश्न विचारत राहिली.

"माझं काय चुकलं?"

गरोदरपणात मी शेंगदाणे फार खाल्ले का? की खाल्लेच नाहीत? अंगावर पाजत होते तेव्हा काही पथ्य पाळायला हवं होतं का? तिला काय सांगावं ते मला सुचत नसे. पण या विषयात शास्त्राने स्वतःच आपलं म्हणणं कसं बदललं, ते वाचून मला तिच्यासाठी थोडा धीर आला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली सल्ला दिला होता की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत, दोन वर्षांपर्यंत अंडं देऊ नये. हेतू काळजीचाच होता. २००८ साली तो सल्ला मागे घेतला गेला, कारण लांबणीवर टाकून ॲलर्जी टळते असं काही दिसेना. त्याच वर्षी आणखी एक निरीक्षण पुढे आलं. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट आढळली. वंश मिळताजुळता, फरक हा की इस्रायलमध्ये बाळं रांगायला लागतात तेव्हापासूनच शेंगदाण्याचा खाऊ चघळत असतात. ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग याची रीतसर परीक्षा घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं निवडली. निम्म्यांना नियमाने शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत पूर्ण वर्ज्य. २०१५ साली निष्कर्ष आला. वर्ज्य केलेल्यांत शंभरातल्या सतरा मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांत तीन जणांना.

मी हे ताईला सांगितलं तेव्हा तिने सतराचा आकडा ऐकला आणि ती गप्प झाली. मला तिने तीनचा आकडाही ऐकायला हवा होता. ज्यांनी सगळं वेळेवर आणि नियमाने केलं, त्यांच्यातल्याही तिघांना ॲलर्जी झालीच. आणि वर्ज्य केलेल्यांतल्या ऐंशीहून जास्त मुलांना झाली नाही. एका विशिष्ट मुलाला ती का झाली, हे कुठलाही डॉक्टर बोट दाखवून सांगू शकत नाही. त्यात भाचीला तान्हेपणापासून इसब होतं. गालांवर आणि कोपरांच्या घड्यांत कातडी सोललेली, रात्री खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. अशा फुटलेल्या त्वचेतून घरातल्या धुळीतले अन्नाचे कण शरीरात शिरतात आणि तोंडावाटे ओळख व्हायच्या आधीच शरीर त्यांना वैरी ठरवतं, असं आता मानलं जातं. पोटातून झालेली पहिली ओळख सहसा सलोख्याची, कातडीतून झालेली वैराची. २००६ साली त्वचेचं आवरण घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध सापडला, तेव्हापासून या विचाराला बळ मिळत गेलं आहे. ज्यांच्या घरी आता तान्हं बाळ आहे त्यांना एवढंच सांगेन, की शेंगदाणा आणि अंडं उगाच लांबवू नका, पण बाळाला जोराचं इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि अख्खा दाणा कधीच नको, तो घशात अडकतो. बारीक वाटून, पातळ करूनच द्यावा.

यानंतर आले चाचण्यांचे कागद. हातावर अर्काचे थेंब टाकून बारीक टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी उठलेला फोड पट्टीने मोजतात. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला तर चाचणी 'पॉझिटिव्ह'. रक्तातलं आयजीईही मोजतात. भाचीच्या कागदावर शेंगदाणा आणि अंडं होतंच, शिवाय गहू, सोयाबीन आणि दूधही होतं, जे ती रोज बिनधोक खात-पीत होती! ताईने त्या संध्याकाळी अर्धं कपाट रिकामं करायला काढलं. नशिबाने आमच्या डॉक्टर बाई ठाम होत्या. चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख असणं, त्रास होईलच असं नव्हे, हे त्यांनी तिला दोन-तीनदा समजावलं. जे मूल आनंदाने खातंय आणि ज्याला काही होत नाहीये, ते कागद बघून बंद करू नका. उलट बंद केल्यामुळे पुढे खरी ॲलर्जी उद्भवू शकते. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो, कारण अशा कागदांपायी ज्यांची ताटं विनाकारण ओस पडली आणि वजन वाढायचं थांबलं अशी मुलं असतात. आयजीजी नावाच्या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या चाचण्या करून लांबलचक 'वर्ज्य' याद्या देणारेही आहेत. आयजीजी म्हणजे केवळ ते अन्न खाण्यात आल्याची खूण, ॲलर्जीचं निदान त्यावरून होत नाही. दुधातली साखर न पचून पोट फुगणं वेगळं आणि दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. पहिलीत मूल हैराण होतं, दुसरीत जिवावर बेतू शकतं. काही बाळांना तर गांध उठतच नाही, खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरंफटक पडतं, आणि रक्तातलं आयजीई मात्र अगदी स्वच्छ असतं. हे सगळं एकाच शब्दाखाली ढकललं की त्या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडतो, आणि मग खऱ्या ॲलर्जीच्या मुलालाही कुणीतरी म्हणतं, एकाने काय होतंय.

मूल काय म्हणतंय ते ऐकणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे. "मला ॲनाफिलॅक्सिस होतोय", म्हणजे ॲलर्जीची जिवावर बेतणारी मोठी प्रतिक्रिया होतेय, असं कुठलंच मूल म्हणत नाही. ते म्हणतं, जिभेवर केस आलाय. तोंडात टोचतंय. घशात काहीतरी बसलंय. ओठ जाड झाले. कानात खाजतंय. हे जेवण तिखट आहे, आणि जेवणात तर तिखट मुळीच नसतं. बोलता न येणारं मूल जीभ ओढतं, तोंडात बोटं घालतं, कान ओरबाडतं. खेळणारं मूल अचानक खेळ सोडून मांडीवर येऊन बसतं, आणि घट्ट धरतं. भाची एकदा मला म्हणाली होती, "मावशी, माझ्या पोटात भीती आहे." त्या वेळी ती भीती अंधाराची निघाली. पण डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय की मोठ्या प्रतिक्रियेच्या आधी काहीतरी भयंकर होणार असं वाटणं हे खुद्द एक लक्षण असतं. मोठी माणसं ते शब्दांत सांगतात, मुलं बिलगून सांगतात. तेव्हा अशा मुलाने अचानक बिलगणं आम्ही कधीच झटकून टाकत नाही. आधी तोंड बघतो, पोटावरचा सदरा वर करून कातडी बघतो, दोन वाक्यं बोलायला लावून आवाज ऐकतो.

ताईच्या पर्समध्ये ॲड्रेनलिनची दोन पेनं असतात, म्हणजे पेनासारखी दिसणारी, मांडीवर दाबलं की औषध आपोआप टोचणारी इंजेक्शनं. लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅमची, ती मोठी झाली की ०.३ची लागतील. दोन अशासाठी, की पहिल्याने पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं द्यावं लागतं. मी ते सरावाच्या पेनवर शिकले. सुई नसलेलं, निळसर टोपणाचं. मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागावर दाबायचं, कपड्यावरूनही चालतं, सांगितलेले सेकंद मनात मोजायचे. त्यानंतर मुलाला आडवं ठेवायचं, पाय जरा उंच. श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं. उठून उभं राहू द्यायचं नाही, आणि रुग्णवाहिका बोलवायची. ॲलर्जीची गोळी किंवा औषध गांधी आणि खाज कमी करतं, पण आवळलेली श्वासनलिका आणि घसरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. तरी माणसं आधी औषधाची बाटली शोधतात, कारण सुई टोचायला हात धजत नाही. अन्नाच्या ॲलर्जीने मृत्यू ही गोष्ट दुर्मीळ आहे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण या घरांमध्ये भीती आधीच पुष्कळ असते. पण जिथे तसं झालं, तिथे ॲड्रेनलिन उशिरा मिळालं किंवा मिळालंच नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणून शाळेत पेन कुलूपबंद कपाटात आहे की बाईंच्या हाताशी, हा प्रश्न ताई दरवर्षी वर्ग बदलला की विचारते. तिच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघणारेही भेटतात. ती तरीही विचारते, आणि मला तिचा त्या क्षणी फार अभिमान वाटतो.

भीती योग्य मापाची असावी, यासाठी माहिती लागते. शेंगदाण्याचा नुसता वास आल्याने ॲनाफिलॅक्सिस होत नाही, हे कळलं तेव्हा ताईचा जीव कितीतरी हलका झाला, तिला त्या गाडीतून उतरून जावं लागलं नाही ते यामुळेच. शेंगदाणे खाल्लेले हात सॅनिटायझरने स्वच्छ होत नाहीत, साबण-पाणी किंवा ओलं पुसणं लागतं, हे कळलं तेव्हा ती सावधही झाली. पाकिटांवरच्या घटकांच्या याद्या ती दर वेळी वाचते, मागच्याच आठवड्यात तेच पाकीट वाचलेलं असलं तरी, कारण बनवणारे कृती बदलतात. युरोपात १४ ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. अमेरिकेत आठ होते, २०२१च्या कायद्याने तीळ नववा झाला आणि १ जानेवारी २०२३पासून तो छापणं सक्तीचं झालं. पण "यात अमुकचे अंश असू शकतात" ही ओळ बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असते. ती आहे म्हणजे नक्की धोका, नाही म्हणजे नक्की निर्धोक, असा अर्थ त्यातून निघत नाही. दुकानाच्या मधल्या वाटेत उभं राहून बारीक अक्षरं वाचणारी ताई, आणि तिच्या शेजारी आता स्वतःही अक्षरं लावत उभी असलेली भाची. "शें-ग-दा... आई, हे नको." अक्षरओळख तिला गोष्टीच्या पुस्तकांनी करून दिली, पण वाचायची घाई या पाकिटांमुळे झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळतं ते तिचं वेगळं बसणं. एका वर्षी शाळेत तिला जेवणाच्या सुट्टीत एका टोकाच्या बाकावर बसवत. सुरक्षिततेसाठीच, आणि सांगणाऱ्या बाई मायाळू होत्या. पण घरी येऊन तिने आपल्या बाहुल्यांची पंगत मांडली तेव्हा एक बाहुली दूर, भिंतीकडे ठेवलेली मी पाहिली. ताईने शाळेत जाऊन बोलणं केलं. मग वर्गातल्या मुलांनाच सांगितलं गेलं: तिच्या डब्यातलं घ्यायचं नाही, तिला आपल्यातलं द्यायचं नाही, जेवल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे, आणि ती कशी तरी वागायला लागली तर धावत जाऊन बाईंना सांगायचं. मुलांनी ते किती सहज उचललं! "एकाने काय होतंय" असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. तिच्या शेजारी बसणारा मुलगा तर रोज आपल्या डब्यात काय आहे ते तिला आधी वाचून दाखवल्यासारखं सांगतो आणि मगच झाकण उघडतो. सगळीच मुलं अशी नसतात, हेही खरं आहे. ॲलर्जीवरून चिडवणं, तो पदार्थ तोंडासमोर नाचवणं हे जगभर घडतं, आणि ते चिडवणं इतर चिडवण्यासारखं नसतं, त्यात प्रत्यक्ष इजा असते.

गेल्या वर्षी अंड्याची परीक्षा झाली. अंडं आणि दूध यांची ॲलर्जी बऱ्याच मुलांमध्ये वाढत्या वयासोबत जाते, आणि ज्यांची अजून गेलेली नाही त्यांतल्याही बहुतेकांना केकमध्ये खूप वेळ भाजलेलं अंडं चालतं, कारण उष्णतेने त्याच्या प्रथिनांचा आकार मोडतो. शेंगदाण्याचं तसं होत नाही, भाजल्याने तो उलट जास्त जोरकस होतो. हे ठरवायची खात्रीची रीत एकच: दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, ते खायला द्यायचं. सकाळी ती पलंगावर बसली, बोटाला यंत्राची चिमटी, उशाशी भरून ठेवलेलं ॲड्रेनलिन. अंडं घातलेल्या छोट्या केकचा पहिला तुकडा चण्याच्या डाळीएवढा होता. मग थांबायचं. तोंड बघायचं, छाती ऐकायची, रक्तदाब घ्यायचा. वीस मिनिटांनी जरा मोठा तुकडा. तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की इथे सगळे जण तोच प्रश्न विचारताहेत: एकाने काय होतंय? फक्त इथे त्या प्रश्नाचं वाईटात वाईट उत्तर आलं तर त्याची तयारी होती. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात इंजेक्शन होतं, आणि मुलीला विचारून, समजावून, तिच्या होकारानंतर तो विचारला जात होता. मला आजींवर राग का धरता आला नाही आणि तरी ते वाक्य मला का सोसवलं नाही, ते मला तिथे उलगडलं.

दुपारपर्यंत अख्खा केक संपला. गांध नाही, खोकला नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "पास!" ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि दुसऱ्या दिवसापासून भाचीने त्या केकला हात लावायचं साफ नाकारलं. आठवड्यातून काही वेळा तो खाल्लाच पाहिजे, नाहीतर मिळवलेली सवय जाऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जी गोष्ट आई आयुष्यभर हातातून काढून घेत आली, तीच आई आता "खा" म्हणते, यावर त्या पोरीने कसा विश्वास ठेवावा? ती तुकडा हुंगायची, ओठाला लावायची, मग पाण्याने चूळ भरायची. "माझी जीभ नाही म्हणतेय," असं म्हणायची. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तिच्या शरीराने परवानगी दिली होती, तिच्या मनाने दिली नव्हती, आणि मनाची परीक्षा घ्यायला कुठलं यंत्र नव्हतं. ताईने जबरदस्ती केली नाही. दोघी मिळून केक करायला लागल्या. अंडं फोडायचं कामही भाचीकडे आलं, ज्या अंड्याला ती आधी बोटही लावत नसे. कितीतरी आठवड्यांनी एकदा तिने भांड्याच्या कडेचा भाजलेला खरपूस तुकडा खरवडून खाल्ला, कुणी बघत नाही असं समजून. आम्ही दोघीही भलतीकडे बघत राहिलो.

आता शेंगदाण्याचं बोलणं सुरू आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी पाच मुलांतल्या साधारण एकाचीच जाते, तेव्हा वाट बघण्यात फार अर्थ नाही असं डॉक्टर म्हणतात. धुळीच्या कणाएवढ्या मात्रेपासून सुरुवात करून, महिनोन्‌महिने ती वाढवत न्यायची, आणि मग ठरावीक मात्रा रोज घेत राहायची, असा एक उपचार आहे. शेंगदाण्याच्या भुकटीचं असं पहिलं औषध २०२० साली अमेरिकेत मंजूर झालं. दम्यासाठी आधीपासून वापरात असलेलं ओमालिझुमॅब हे इंजेक्शनही २०२४ साली तिथे अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालं. दोन्हींचा हेतू मनसोक्त शेंगदाणे खाता यावेत हा नाही, चुकून पोटात गेलेल्या एखाद्या दाण्याने दवाखाना गाठायची वेळ येऊ नये हा आहे. रोजच्या मात्रेच्या उपचारात वाटेत प्रतिक्रिया येऊ शकतात, मात्रा घेतल्यावर काही वेळ पळापळ आणि गरम पाण्याची अंघोळ नको, आणि मध्येच सोडलं तर कमावलेलं जाऊ शकतं. ताई हे सगळं वहीत उतरवून घेत होती. भाची खाली बसून चित्र काढत होती, पण ऐकत होती. तिने मान वर करून विचारलं, "मला ते आवडायलाच पाहिजे का?" डॉक्टर बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. औषध कुठे आवडतं कुणाला?" मग तिने विचारलं, "आणि उड्या कधी मारायच्या?" बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याशी तिच्या दिवसाचं वेळापत्रक लावायला बसल्या. शाळा कधी, खेळ कधी, झोप कधी. संध्याकाळचं खेळून झाल्यावर, झोपायच्या बऱ्याच आधी, अशी एक वेळ निघाली. ती तिला पटली नाही, कारण तेव्हा तिची गोष्ट ऐकायची वेळ असते. माझा कल उपचार घ्यावा असा आहे, ताईचा अजून होत नाही. सुट्ट्या लागल्या की रक्ताची चाचणी पुन्हा करायची, आणि मग भाचीला शेजारी बसवून ठरवायचं, इथवर आमचं एकमत झालं आहे.